सगळं बरोबर असलं की

पूर्ण बरोबर सोडवलेला पेपर हातात आला की वाकोडे सर आधी तो ट्यूबलाइटकडे धरत. मग पोराकडे बघत, मग त्याच्या शेजाऱ्याकडे. "बरोबर आहे," ते म्हणत, आणि ते ऐकून आजवर कुणाला आनंद झालेला मी पाहिला नाही. कारण पुढचा 'का' ठरलेला असे, "पन काऊन बरोबर आहे?"

बुलढाण्यात बसस्टँडच्या मागे आमचा क्लास होता. सर इंग्रजी शिकवत, मी गणित. पहिल्या महिन्यात त्यांची माझ्यावरही नजर होती. पोरं माझ्या तासाला हसली तर ते दारातून डोकावत आणि नंतर विचारत, "गणितात हसण्यासारखं काय असते हो, सर?" मलाही ते गृहस्थ जरा संशयास्पदच वाटत. स्वतःच्या डब्यावरसुद्धा नाव लिहून ठेवणारा माणूस सहकाऱ्यांना काय समजत असेल?

शिकवत मात्र असे, की मी माझा तास आटोपून मागच्या बाकावर बसून राही. क्रियापदापुढे आयएनजी लावायचं की टू, यावर आमच्याकडची भली भली पोरं गारद होतात. सरांनी त्याची सोयरीक करून टाकली होती. "एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश हे आयएनजीच्या घरचे. तेथं टू गेला तर दारातूनच वापस. वाँट, होप, डिसाइड हे टूच्या घरचे. लाइक अन् स्टार्ट दोन्हीकडच्या पंगतीत जेवतात, कोनी काही म्हनत नाही." मग आवाज खाली आणत, "पन स्टॉप अन् रिमेंबरवर नजर ठेवा. घर बदललं का याहिचा अर्थच बदलते."

गाइडं आली, मग मोबाइल आले, आणि सरांचा बरोबर उत्तरावरचा उरलासुरला विश्वास उडाला. "चुकलेलं उत्तर पोराचं सोताचं असते," ते मला म्हणाले होते. "बरोबर उत्तर कोनाचंबी असू शकते." एकही चूक नसलेल्या पोराला ते फळ्याशी उभं करून पुन्हा सगळं सोडवायला लावत. एखादी चूक असली तर खूश होत, पाठीवर थाप मारत, आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून देत.

पोरं काही दूधखुळी नसतात. हळूहळू प्रत्येक पेपरात एकेक चूक दिसायला लागली. हुशार पोरांच्या पेपरात तर हमखास, आणि तीही सोप्या प्रश्नात. मला वास आला होता. पण सर समाधानी होते. वर्ग प्रामाणिक झाला म्हणायचे.

देऊळघाटची प्रज्ञा त्या बॅचमध्ये सगळ्यांत पुढे होती. तिचे वडील गावात वायरमनचं काम करत. नागपूरला एका संस्थेत स्पर्धा परीक्षांची तयारी राहण्याजेवणासह फुकट करून घेत, आणि त्यासाठी निवड परीक्षा असे. तिथे जागा मिळाली नाही तर तिला घरी बसावं लागणार होतं, कारण पैसे भरून बाहेर ठेवणं घरच्यांना झेपणारं नव्हतं. सरांनी तिच्याकडून सगळं घोटून घेतलं. जागा तिची नक्की, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

ती एका गुणाने हुकली.

सरांना पहिला संशय संस्थेवर आला. दुसरा पेपर तपासणाऱ्यावर. प्रश्नपत्रिका समोर ठेवून त्यांनी प्रज्ञाला एकेक उत्तर विचारलं. 'अव्हॉइड'पाशी ती थांबली.

"येथं टू लिवलं, सर."

"तुले येत नव्हतं?"

"येत होतं."

"मंग?"

ती खाली बघत म्हणाली, "सगळंच बरोबर असलं तर तपासनाऱ्याले वाटलं असतं, कॉपी केली."

सरांनी प्रश्नपत्रिकेची घडी घातली. त्यांचा चेहरा इतका उतरला, की मला पहिल्यांदाच त्या माणसाची दया आली. दुसऱ्या दिवशी ते मला बरोबर घेऊन देऊळघाटला गेले. खाटेवर बसले, पाण्याचा पेला हातातच राहिला. "पोरगी हुशार आहे, भाऊ," ते तिच्या वडिलांना म्हणाले. "इंग्रजी ती शिकली. चुकनं तिले म्या शिकोलं."

वडिलांनी हातातली पकड पुसून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "वर्षभर ठेवतो तिले घरी. रोज क्लासले पाठवतो. पन सर, तिच्याकडे तसं पाहू नोका."

सरांनी ते वर्ष निभावलं. सोपं गेलं नाही. पूर्ण बरोबर पेपर आला की हात ट्यूबलाइटकडे निघायचा, मग ते तो दुसऱ्या हाताने खाली धरायचे. पेपरवर सही करून गुपचूप परत द्यायचे. दुसरी निवड परीक्षा व्हायच्या आधीच, थंडीत, छातीत कळ येऊन ते गेले.

प्रज्ञाची निवड झाली. पेढे घेऊन ती क्लासवर आली, सरांच्या रिकाम्या खुर्चीकडे तिने बघितलंही नाही. मी अभिनंदन केलं तर म्हणाली, "एक चुकलंच, सर."

उचललेला पेढा मी परत ठेवला. "पुन्हा?"

"नाही हो, सर. या वेळी खरंच येत नव्हतं," ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. "त्याहिले सांगाचं होतं."