भोळेपणाचा शेरा

इंदापूरच्या एका पॅकहाऊसमध्ये मी निर्यातीची द्राक्षं तपासायला होते. कन्हेरीच्या आमच्या घरातली पहिली पदवीधर मीच. हे मी विचारल्याशिवायही सांगते.

एकदा पळसदेवच्या एका तात्यांचा माल आला. सोबत फवारणीची वही. अख्खा हंगाम एकाच निळ्या पेनानं लिहिलेला, पानावर औषधाचा एक डाग नाही. अशी वही माल निघायच्या आदल्या दिवशी घरात बसून लिहितात. मला कुणी शिकवायला नको. वडिलांची वही कॉलेजात जाईपर्यंत मीच लिहायचे.

"तात्या, शेवटची फवारणी कधी मारली?"

"वहीत हाय की. सुनंचं अक्षर बघा, कसं मोत्यावाणी हाय."

अक्षर बघून मी मॅनेजरला मेसेज टाकला : वही खोटी वाटते, माल थांबवा. उत्तर आलं : कंटेनर भरायचाय, घेऊन टाक. मी घेतला. ती माझी चूक, आणि ती मी कळून केली.

परदेशात त्या द्राक्षांत औषधाचा अंश मर्यादेबाहेर निघाला. माल नाकारला गेला. मग मॅनेजरनं माझ्या नावानं इंग्रजीत टाईप केलेला खुलासा माझ्यापुढं सरकवला. मी ती वही 'नाईव्हली' खरी मानली, असं त्यात होतं.

"अगं, घाबरू नकोस. नाईव्हली म्हणजे भोळेपणानं, अनुभव नसल्यामुळं. गावाकडच्या पोरीला वरचे सांभाळून घेतात. सही कर, नोकरी राहील."

डोक्यात सणक गेली. हा शब्द फसलेल्या माणसाला लावायचा. मी फसले नव्हते, मला गप्प बसवलं होतं. पण एकाच शब्दात माझी कीव करून स्वतःचा हुकूम झाकायची सोय होती, म्हणून त्यानं तो निवडला. आणि अर्थ मलाच समजावून सांगत होता!

"सर, तुमचा मेसेज माझ्याकडं अजून हाय."

"धमकी देतेस?"

"न्हाय. चुकीचा शब्द काढते."

मी 'नाईव्हली'वर आडवी रेघ मारली. वर इंग्रजीतच लिहिलं : लेखी हरकत घेतल्यावर, मॅनेजरच्या आदेशावरून. मग सही केली.

"आता बारामती-इंदापुरात तुला कोण घेतंय बघतो," तो म्हणाला.

महिनाभरात मला काढलं. पत्रात कारण होतं : वरिष्ठांशी उद्धट वर्तन. ते खरं होतं. तिथं मी काही खोडलं नाही.