घोरावाडीहून आलेला फोन

खरं सांगतो, धाकट्या भावाचा मला राग यायचा. मत्सरच म्हणा ना, उगाच सोवळं कशाला बोलायचं!

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इथलेच मराठी ज्यू. लोणावळ्यात आमचं चिक्कीचं दुकान. लहानपणी दर शनिवारी दुपारी बाबा आम्हा दोघांना पुढ्यात घेऊन तोरेचा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाचा, त्या आठवड्याचा पाठ शिकवायचे. हिब्रू अक्षरं माझ्या डोक्यात शिरायची नाहीत आणि मला पेंग यायची. धाकटा मात्र घडाघडा वाचायचा. शेवटी बाबा म्हणाले, "तू दुकान बघ, हा पुस्तक बघेल." झालं, वाटणी तिथंच झाली.

शनिवारी शब्बाथ, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून काहीही काम न करण्याची आज्ञा, म्हणून दुकान बंद. लोणावळ्यात शनिवारी! सगळं गाव पर्यटकांनी फुललेलं आणि माझं शटर खाली. शेजारचा, मूळचा कामशेतचा दुकानदार दर वेळी म्हणायचा, "भाऊ, लय येडे हाय तुमी." ही आज्ञा मी जन्मभर पाळली, पण त्याबद्दल घरात कुणी कधी शाबासकी दिली नाही.

पुढे बाबांची नजर गेली. धाकटा पुण्याला नोकरीला. शब्बाथला प्रवास चालत नाही, म्हणून तो शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत लोकलने यायचा आणि शनिवारी बाबांना पाठ वाचून दाखवायचा. शुक्रवारी दुपारपासूनच बाबा दाराजवळ खुर्ची टाकून बसायचे. "त्यानं वाचलं की मला डोळे आल्यासारखं वाटतं," असं येईल त्याला सांगायचे. मी रोज त्यांना आंघोळ घालतो, भाकरी कुस्करून देतो, तेव्हा नाही का येत डोळे? अस्सा संताप व्हायचा!

त्या थंडीतल्या शुक्रवारी सूर्य डोंगराआड जायला आला तरी धाकट्याचा पत्ता नव्हता. मी स्वयंपाकघरात शब्बाथच्या आशीर्वादासाठी मनुकांचं शरबत गाळत होतो, तेवढ्यात माझा फोन वाजला.

"दादा, गाडी मधेच तासभर अडकली. सूर्य मावळतोय, म्हणून घोरावाडीला उतरलोय. इथं आमच्या कंपनीतले एक चाचा राहतात, त्यांच्याकडं थांबतो. उद्या रात्री येईन. बाबांना सांग, काळजी करतील."

"सांगतो," म्हटलं आणि फोन बंद करून कपाटात ठेवला.

बाहेर आलो. बाबांनी विचारलं, "फोन वगैरे केला का त्यानं?"

"नाही," मी म्हणालो.

का म्हणालो? वाटलं, एकदा तरी त्यांचा लाडका त्यांना विसरू दे. शब्बाथभर घरातला फोन बंद, त्यामुळे माझं खोटं उद्या रात्रीपर्यंत पक्कं होतं. मेणबत्त्या लागल्या, शरबतावर आशीर्वाद झाला. बाबा नीट जेवले नाहीत, आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते म्हणाले, "आज तू वाच."

"मला कुठं जमतंय?"

"या आठवड्याच्या पाठात दहा आज्ञा आहेत. निदान तेवढ्या वाच."

पुस्तक उघडलं. अक्षरावर बोट ठेवून एकेक शब्द जुळवायचा, मग खालचा मराठी अर्थ सांगायचा, अशी माझी बैलगाडी निघाली. शब्बाथची आज्ञा आली तेव्हा जरा छाती फुगली. आईबापांचा मान राखायची आली, तेव्हा आवाज चढला. नववीशी आलो आणि जीभच उचलेना. अर्थ खाली स्पष्ट छापलेला होता.

"अडलास?" बाबा म्हणाले. "खोटी साक्ष देऊ नकोस, असं आहे तिथं. चल पुढं."

पुढं दहावी. दुसऱ्याच्या घराचा, बायकोचा, बैलाचा, गाढवाचा लोभ धरू नकोस. भावाच्या वाट्याला आलेल्या मायेचं त्यात काही लिहिलेलं नव्हतं. पण शेवटी 'त्याचं जे जे काही असेल' असं होतंच. तिथून सुटका नव्हती.

पुस्तक मांडीवर ठेवलं.

"बाबा, काल फोन आला होता. तो घोरावाडीला उतरलाय. ठीक आहे. मी खोटं बोललो."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "नजर गेलीय रे, कान नाही गेले. फोन वाजला, तू 'सांगतो' म्हणालास, सगळं ऐकलं मी."

"मग रात्री जेवला का नाहीत? त्याची वाट बघत होता ना?"

त्यांनी चाचपडत माझं मनगट धरलं.

"त्याची नाही," ते म्हणाले. "कालपासून तुझी वाट बघत होतो."