लागलं म्हणजे लागू पडलं

पट्टीवालीचा हात जड. आधी बापाच्या अन् मग नवऱ्याच्या मारानं तिची कातडी अशी निबर झाली होती की, वर विस्तव ठेवला तरी म्हणाली असती, "ऊब बरी आहे." अशा बाईला काम मिळालं तेही दुसऱ्यांच्या कातडीचं. तोंडाला फासायच्या क्रीममध्ये घालायला प्रयोगशाळेत नवा घटक बनवलेला. तो आधी माणसांच्या पाठीवर पट्टीनं चिकटवायचा, दोन दिवसांनी पट्टी ओढायची आणि लाली, फोड, जळजळ काय असेल ते डॉक्टरीणबाईंना सांगायचं.

कुणी कळवळलं की ही धपाटा घालायची. "गप रे बोंबल्या! लागलं म्हणजे लागू पडलं." आणि काचेपलीकडं ओरडायची, "काही नाही बाई, ठणठणीत!" यात लबाडी नव्हती. तिच्या लेखी जळजळ ही तक्रारच नव्हती.

मग पाठीवर पट्टी लावून घ्यायला धाकटी नणंद आली. घरात नवऱ्याच्या काठीच्या मध्ये पडणारी ही एकटीच.

दुसऱ्या दिवशी नणंद म्हणाली, "वहिनी, आग होतेय गं. काढ."

"आली मोठी नाजूक राणी! उद्यापर्यंत कळ काढ."

"अगं, लागतंय!"

"लागू दे. लागलं म्हणजे..."

नणंदेनं हात पाठीकडं नेला. पट्टीवालीनं तो पिरगाळून खाली दाबला. नवरा दाबायचा तस्साच.

तिसऱ्या दिवशी पट्टी ओढली, तर उकडलेल्या बटाट्याच्या सालीगत कातडी सोलून आली. खाली लालभडक मांस. नणंद गुरागत हंबरली, गर्रकन वळली आणि लोखंडी ट्रे उचलून तिनं वहिनीच्या कानशिलात हाणला. रक्ताची धार गळ्यात उतरली.

"दादाचा हात आहे तुला," ती दात खात म्हणाली. "दादाचाच!"

डॉक्टरीणबाई धावत आल्या. "अहो, लागलं का?"

पट्टीवालीनं कान चाचपला. "लागलं. आजवर सगळ्यांनाच लागत होतं, बाई. मीच 'काही नाही' म्हणत आले. बोलवा सगळ्यांना परत."

घटक बाद झाला. पट्टीवालीही.

काम गेलं म्हणून संध्याकाळी नवऱ्यानं काठी उगारली. नणंद आत पालथी पडून होती. ती काही मध्ये पडली नाही. पट्टीवालीनं काठी हिसकली आणि त्याच्याच नडगीवर घातली. तो मटकन बसला, आई आई करत.

जुनं वाक्य तिच्या ओठांवर आलंच होतं. ते तिनं गिळलं.

"लागलं का?" तिनं विचारलं, आणि काठी हातात धरून उत्तराची वाट बघत उभी राहिली.