माजरीच्या भिंतीतला आरसा

बाबांचा सिमेंटवर फार विश्वास होता. माणसांवर बेताचाच, खाणीच्या साहेबांवर तर मुळीच नाही, पण सिमेंटवर पक्का. त्या विश्वासाचा मला अजून राग येतो आणि तो काढायला आता समोर कुणी नाही.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही माजरीला, कोळसा खाणीच्या कॉलनीत राहत होतो. मी तेव्हा हायस्कुलात होते. दोन खोल्यांचं क्वार्टर, मागं न्हाणी, अंगणात सिगडी. दुपारी भोंगा झाला की बायका हातातलं काम टाकून फळीपाशी धावायच्या, कारण भोंग्यानंतर खाणीत सुरुंग उडायचे आणि घरं हादरायची. फळीवरची भांडी दोन्ही हातांनी धरून उभं राहायचं, धमाका झाला की पुन्हा भाकरी थापायला बसायचं. घरात नवी पाहुणी असली तर ती घाबरायची आणि आम्हाला हसू यायचं.

आईला त्या घरात एकच हौस होती. समोरच्या खोलीत मोठा आरसा हवा. बाबांनी शेवटी चंद्रपूरहून आणला, बसमध्ये सगळी वाट मांडीवर धरून. खिळा ठोकून टांगला. आईनं त्यात कमरेपर्यंत स्वतःला पाहिलं आणि लाजून पदर सारखा केला. पुढं महिनाभरात एका दुपारी ती नळावर असताना भोंगा झाला. घरात आरसा धरायला कुणी नव्हतं. खिळा निसटला आणि आरसा खाली आला.

शेजारच्या बाई आवाज ऐकून आल्या आणि दारातच थांबल्या.

“फुटका आरसा घरात ठेवू नोको बाई,” त्या म्हणाल्या. “आत्ताच्या आत्ता उकिरड्यावर टाकून ये. नाई त् घर फुटते.”

आई तुकडे वेचतच राहिली. संध्याकाळी बाबा ड्यूटीवरून आले, त्यांच्या कानावर हे गेलं आणि त्यांचं डोकं तापलं. “आपन असलं काई मानत नाई,” ते म्हणाले. “धम्म घेतला तवाच ते सोडून देल्लं. आता त् एक बी तुकडा बाहेर जानार नाई.” कुणी काही टाका म्हटलं की ती वस्तू जन्मभर सांभाळायची, असा त्यांचा खाक्या होता. तुकडे पोत्यात भरून खाटेखाली गेले.

ते बाहेर काढले आईनं. तिचं माहेर चिमूरकडचं, विणकरांचं. घरात माग होता, लुगडी विणली जायची, आणि लग्नाआधी तीही मागावर बसलेली. पुढं गिरणीचं कापड आलं, माग बंद पडला, लाकडं चुलीत गेली. तिच्या ट्रंकेत तिच्या आईचं एक लुगडं तेवढं उरलं होतं. त्याच्या काठावर चौकटी होत्या, टोकावर उभ्या केलेल्या, एकीला एक लागून, आणि मधल्या जागेत त्रिकोण. एका दुपारी तिनं ते लुगडं जमिनीवर पसरलं आणि कोळशानं तो काठ वर्तमानपत्रावर मोठा करून काढला. मग बाबांना म्हणाली, “काच अशी कापून भेटन का?”

भद्रावतीत फोटो मढवणाऱ्याकडे बाबांनी पोतं नेलं. त्यानं कुरकुर करत तुकडे कापून दिले. मग आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. आई काचा मांडायची, मोडायची, पुन्हा मांडायची. मी एखादी काच सरकवली की तिला लगेच कळायचं. “तिथी नाई, काठ सरळ येत नाई,” म्हणायची. एरवी दिवसभर कोळशाच्या धुळीशी भांडणारी माझी आई त्या दिवसांत कुणी वेगळीच होती, आणि मला तिचा थोडा दरारा वाटू लागला होता.

नक्षी जमली. पाटीवर चिकटवून टांगता आली असती. पण बाबांनी खिळ्याचा धसका घेतला होता. “टांगलं त् पुन्हा पडन,” म्हणाले, आणि भिंतीचा गिलावा खरवडून त्यांनी प्रत्येक काच सिमेंटमध्ये बसवली. भिंत कंपनीची आहे, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही. कॉलनीत सगळ्यांचंच असं होतं. कुणी ओटा बांधला होता, कुणी अंगणात आंबा लावला होता. एक दिवस क्वार्टर सोडायचं असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी सगळे घर आपलंच असल्यासारखे वागत.

भांग पाडायला तो आरसा बिनकामाचा होता. एका चौकटीत डोळा, दुसरीत नाक, आणि कपाळ कुठं गेलं ते शोधत बसा. वेणी घालायला आम्ही पुन्हा हातातला आरसाच घेत असू. पण संध्याकाळी दारातून ऊन आलं की त्या चौकटी समोरच्या भिंतीवर उमटायच्या. कॉलनीतल्या बायका पाहायला यायच्या. शेजारच्या बाईही आल्या, फक्त आरशात आपलं तोंड दिसणार नाही अशा बेतानं बाजूला उभ्या राहिल्या. आई ओल्या वर्तमानपत्रानं रोज एकेक काच पुसायची. रोज सुरुंग उडत होते, आणि आरसा जागचा हलत नव्हता. बाबा म्हणायचे, “पाहा, सिमेंट हाये.”

बाबा निवृत्त झाले तेव्हा चिमूरला आमचं स्वतःचं घर उभं राहिलं होतं. सामान ट्रकमध्ये चढलं आणि आई भिंतीसमोर येऊन उभी राहिली. तिला भांडी नको होती, खाट नको होती, हा आरसा न्यायचा होता. बाबांनी छिन्नी घेऊन कोपऱ्यातली पहिली काच उचकटायला घेतली. सिमेंट हललं नाही, काच तडकली. दुसरीही तडकली. तिसरीवर छिन्नी ठेवली तसा आईनं त्यांचा हात धरला.

“राहू द्या,” ती म्हणाली. “इथी त् इथी. निदान सगळा राहीन.”

आमच्यानंतर ते क्वार्टर मिळालेल्या कामगाराची तरुण बायको तेव्हाच सामान घेऊन पोचली होती. आईनं तिला आरसा कसा पुसायचा ते दाखवलं. पाणी जास्त घेऊ नकोस, फटीत जातं, असंही सांगितलं. पोरगी “हो बाई, हो बाई” करत राहिली. ट्रक सुटेपर्यंत आई त्या दाराकडे पाहत होती.

वर्षभरानं माजरीच्या त्या शेजारच्या बाईंच्या मुलीचं लग्न निघालं. बाबांना दम्यामुळे प्रवास झेपत नव्हता, म्हणून आई मला घेऊन गेली. जेवणं झाल्यावर ती सरळ आमच्या जुन्या दारात गेली. समोरची भिंत गुळगुळीत होती, हिरव्या डिस्टेंपरची, त्यावर कॅलेंडर.

“सासूबाई आल्या होत्या,” ती पोरगी चहा ठेवता ठेवता म्हणाली. “म्हने फुटक्या काचा घरात काऊन ठेवल्या. मिस्त्री लावून काढून टाकल्या.”

“कुठी टाकल्या?” आईनं विचारलं.

“राखेत. राख त् ट्रॅक्टर घेऊन जाते नं.”

आईनं चहा घेतला, कप विसळून ठेवला, त्या पोरीच्या लेकराच्या हातावर रुपया ठेवला. परतीच्या बसमध्ये वरोरा आल्यावर ती म्हणाली, “मी हात धरला नसता त् तुकडे त् आपल्याजवळ राह्यले असते.” ती म्हणत होती ते खरं होतं.

घरी बाबा दारातच बसले होते. आम्ही चपला काढायच्या आधीच त्यांनी विचारलं, “आरसा कसा हाये?”

“हाये,” आई म्हणाली. “चांगला हाये. पोरगी पुसते रोज.”

बाबांचा चेहरा खुलला. त्यानंतर घरी कुणीही पाहुणा आला की ते ती गोष्ट काढत. माजरीला आमच्या घरात हिनं असा आरसा केला, मी तो असा बसवला, अजून एक काच हलली नाही. पाहुणा मान डोलवायचा. बाबा जाईपर्यंत हे चाललं. आरशाचं नाव निघालं की आई उठून आत चहा ठेवायला जायची, आणि बाबा माझ्याकडे वळून, पाहुण्याकडे हात करून म्हणायचे, “तू त् पाह्यला नं? सांग यायले.” मी सांगायचे.