कार्डाला कुंकू

आमच्या साहेबांना वाटायचं, अख्खं तळोजा त्यांचा रंगाचा फॉर्म्युला चोरायला टपून बसलंय. म्हणून फर्मान निघालं: रंग घोटायच्या मशीनच्या कंट्रोलरमध्ये काहीही ठेवायचं नाही. सगळा प्रोग्राम फॉर्म्युल्यासकट एका मेमरी कार्डात. सकाळी साहेब स्वतः कार्ड आणून देणार, मी ते खोचलं की मशीन चालू, संध्याकाळी कार्ड परत तिजोरीत. कॉपी सापडली तर त्याच दिवशी नोकरी गेली.

कल्पना वाईट नव्हती हो. पण एकुलतं एक कार्ड? इथल्याच मेंटेनन्समध्ये अठरा वर्षं घासलेला माणूस मी. गुपचूप एक कॉपी केली आणि पॅनेलच्या दाराआतल्या गणपतीच्या फोटोमागे चिकटवली. गेटवर रोज माझा डबा उघडून बघायचे. बाप्पाच्या मागे कोण बघतंय?

मग आला दसरा. मशीनला हार, पान्यांना हळदकुंकू, पॅनेलवर कुंकवाचं स्वस्तिक. साहेबांना भक्तीचा उमाळा आला. "खरी लक्ष्मी तर ही," म्हणत त्यांनी कार्ड ताटात ठेवलं आणि वर पंचामृत, ओलं कुंकू, अक्षता. मी "साहेब, अहो" म्हणेपर्यंत आरती सुरू. कार्ड तसंच प्रसादासकट तिजोरीत गेलं.

दुसऱ्या दिवशी खोचलं. ढिम्म. पुसलं, फुंकलं, पुन्हा खोचलं, पडदा काळाच. दुपारी माल जायचा होता.

"तुम्हीच काहीतरी केलंत," साहेब म्हणाले. "चालू नाही झालं तर उद्यापासून येऊ नका."

म्हणजे जणू पंचामृत मीच ओतलं होतं. मशीन बंद राहिलं तरी नोकरी जाणार, कॉपी दाखवली तरी जाणार. मुलीचं कॉलेज चालू होतं.

"साहेब, पाच मिनिटं बाहेर थांबा. तुमच्या टेन्शनने माझा हात थरथरतोय."

ते गेल्यावर फोटोमागची कॉपी काढली. स्वस्तिकाचं थोडं कुंकू तिच्या पाठीला फासलं, साहेबांना ओळख पटावी म्हणून, आणि खोचली. मेलेलं कार्ड बाप्पाच्या मागे. मशीन घुमायला लागलं तसे साहेब धावत आले आणि तिथेच हात जोडले.

"बघितलंत? पूजेची ताकद."

"हो ना," मी म्हटलं.

संध्याकाळी तिजोरीला किल्ली लावताना त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, "याची कॉपी नाही ना कुणाकडे?"

"नाही साहेब." पहिल्यांदाच ते खरं होतं.

त्यांनी लगेच गेटवर फोन केला. त्या दिवशी वॉचमनने डब्याबरोबर माझे बूटही काढायला लावले. वाईट वाटलं. अठरा वर्षं झाली होती.