वकीलसाबांचा तळहात

विमानाला हात लावल्याशिवाय वकीलसाब त्याच्याबद्दल एक शब्दही बोलत नसत. हँगरमध्ये आले की आधी चष्मा पुसायचे, मग उजवा तळहात विमानाच्या पोटावर सपाट टेकवून हळूच विचारायचे, "काय गं, काय होतंय?" पायलटने लिहून ठेवलेली तक्रार त्यानंतर वाचायची. हैदराबादच्या जुन्या विमानतळावर, सरकारी विमान कंपनीच्या हँगरमध्ये, मी त्यांच्या हाताखाली मेकॅनिक होतो.

त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या वकिली; तेल-वंगणात हात घालणारे हे एकटेच. म्हणून हँगरमधल्या मंडळींनी त्यांना वकीलसाब करून टाकलं. मराठी आम्हा सगळ्यांसारखीच, दखनीत भिजलेली.

कंपनीचा इतिहास ते नात्यांत सांगत. पंख्यांची जुनी विमानं म्हणजे सासवा, कुरकुरतील पण उडतील. त्यानंतरची जेट म्हणजे लेकी. शेवटी आलेली संगणकवाली म्हणजे सुना. "सुनेला काय दुखतंय विचारलं तर ती कागद छापून देते," म्हणत. प्रत्येक विमान त्यांना नोंदणीच्या शेवटच्या दोन अक्षरांनी ठाऊक होतं. कुठलं विकलं, कुणाचं इंजिन काढून कुणाला बसवलं, हे शेजारघरच्या बातम्यांसारखं सांगायचे. पुढेपुढे त्यात भंगाराच्याच बातम्या जास्त असायच्या.

त्यांचा एकच कडक नेम होता. भिंतीवरच्या टूलबोर्डावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असे. पाळी संपताना एकही आकृती रिकामी नाही हे पाहून एकाने सही करायची, खाली दुसरी सही वकीलसाबांची. त्याशिवाय विमान हलायचं नाही. आत विसरलेला साधा पानासुद्धा चाकांच्या यंत्रणेत अडकला, तर विमान धड उतरत नाही.

त्या संध्याकाळी एका लेकीचं काम संपलं, तेव्हा बोर्डावर हातातल्या बॅटरीची, टॉर्चची, जागा रिकामी होती. मला मुलीला दिलसुखनगरच्या क्लासवरून आणायचं होतं, उशीर झाला होता. कुणीतरी शेजारच्या विमानाकडे नेली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. माझ्या पिशवीतली बॅटरी त्या आकृतीत अडकवली आणि सही केली. वकीलसाबांनी लांबूनच बोर्डाकडे पाहिलं, माझी सही पाहिली आणि खाली आपली केली. विमान दिल्लीला गेलं. तिथल्या तपासणीत आमच्या हँगरची बॅटरी चाकांच्या खोबणीत सापडली.

कुणाला काही झालं नाही. हे वाक्य मी आजही स्वतःला ऐकवत असतो.

चौकशीत मी म्हणालो, सही केली तेव्हा बोर्ड भरलेला होता. ते खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त बोचतं. वकीलसाब माझ्याकडे न बघता म्हणाले, "आकृती भरलेली दिसली. वस्तू मी पाहिली नाही. शेवटची सही माझी, चूक माझी."

त्यांचा सहीचा अधिकार गेला. निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं त्यांना गोदामात बसवलं आणि विमानाला हात लावायची मनाई केली. दारासमोरून एखादी लेक गेली की ते उजवा हात पँटच्या खिशात घालायचे. मी तेही पाहिलं आणि कामाला लागलो.

चौकशी संपली त्या दिवशी ते माझ्या स्कूटरपाशी आले होते. "तुझी बॅटरी. बोर्डावर होती. घरी ने." दिल्लीहून फोन आला त्याच सकाळी त्यांनी ती काढून ठेवली असणार. माझ्याविरुद्धचा पुरावा त्यांनी माझ्याच हातात दिला, आणि मी तो घेतला.

पुढे जुना विमानतळ बंद झाला, नंतर कंपनीही विकली गेली. गेल्या वर्षी मी विद्यानगरला त्यांच्या घरी गेलो. ते अंथरुणाला खिळले होते. मी सुरुवात केली, "वकीलसाब, ती बॅटरी..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "नक्को बाबा. सांगून तू हलका होशील. माझी दोन वर्षं कुठून आणशील?"

आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. मग सुनांपैकी कोण कोण अजून उडतंय ते विचारलं. मला माहीत नव्हतं. दिवाळीनंतर ते गेले.

परवा शहराबाहेर हायवेला एक जुनं जेट दिसलं. कुणीतरी विकत घेऊन त्याचं हॉटेल करत होतं. नव्या रंगाखालून शेपटाजवळची जुनी दोन अक्षरं वाचता येत होती. तीच लेक. मी गाडी थांबवून पोटाखाली गेलो आणि तळहात उचलला.

"हाथ नक्को लगाओ साब," रखवालदार खुर्चीवरूनच म्हणाला, "रंग गीला है."

मी हात मागे घेतला आणि खिशात घातला.