कूट नसलेलं पनीर

त्या पंजाबी हॉटेलचं काचेचं दार ढकललं की आधी येतो तो कसुरी मेथीचा वास, त्यामागून तंदूरमधल्या कोळशाचा, आणि मग लोण्यात परतलेल्या आल्याचा. चैत्रातल्या त्या दुपारी, कडुनिंबाच्या मोहोराने सांगलीचा सारा रस्ता कडवट-गोड झालेला असताना, मी आप्पांचा हात धरून त्या वासात शिरले, तेव्हा मला माझ्याच हुशारीचं फार कौतुक वाटत होतं.

आईला जाऊन तीन महिने झाले होते आणि तेव्हापासून माझ्या वडिलांचं, आप्पांचं, अन्नावरचं मन उडालं होतं. विट्याचं घर बंद करून मी त्यांना सांगलीला आणलं. भाकरी, पिठलं, अख्खा मसूर, सगळं करून पाहिलं. ते ताटाला नमस्कार करत, चार घास खात आणि उठत. गळ्याची हाडं दिसू लागली तशी मी घाबरले. मग एकदम सुचलं. विट्याच्या कितीतरी माणसांसारखी आप्पांनीही पस्तीस वर्षं परमुलखात, अमृतसरच्या एका गल्लीत, सोनं गाळण्याची भट्टी चालवली होती. तिकडचंच अन्न आठवत असेल त्यांना.

ही समजूत मूळची आईची. आप्पा वर्षातून एकदा, गावच्या जत्रेला येत. लोणी-पनीर खाणाऱ्या माणसाला आपलं कोरडं अन्न कसं रुचणार, या धास्तीने ती कुणाकुणाला विचारून दूध नासवायची, फडक्यात बांधून पाट्याखाली दाबायची आणि लालभडक रश्शात पनीर शिजवायची. आम्ही पोरं तिची टिंगल करायचो. आप्पा मात्र मान खाली घालून सगळं संपवायचे आणि चांगलं झालंय म्हणायचे.

मी पनीर मखनी, काळी डाळ आणि कुलचे मागवले. आप्पांनी कुलचा उचलला, उलटापालटा करून पाहिला आणि हे काय असतं म्हणून विचारलं. मला वाटलं, ते माझी चेष्टा करताहेत. पण ते खरंच विचारत होते.

मग हळूहळू उलगडत गेलं. पस्तीस वर्षांत ते तिथल्या एकाही हॉटेलात जेवले नव्हते. जाताना गावाकडून ज्वारीची पोती नेत, तिथे दळून घेत आणि सोनं शुद्ध करायच्या तेजाबाच्या उग्र वासाच्या त्या खोलीत, भट्टीशेजारच्या स्टोव्हवर, दोन भाकऱ्या थापून घेत.

"लोकांचं सोनं मुशीत आसतंय. ते सोडून कुठं जानार?"

आईला हे कधीच का सांगितलं नाही, असं मी विचारलं. माझ्या आवाजाला थोडी धार आली असावी. एवढी वर्षं ती बिचारी पाट्याखाली दूध दाबत राहिली होती.

"सांगनार हुतो गं. पन ती ताट वाढून म्होरं बसायची, माज्या तोंडाकडं बघत. मग त्येचीच सवय लागली. तिकडं भाकरी खाताना तिचं पनीर आठवायचं."

त्यांनी एक घास घेतला. बराच वेळ चावत राहिले. बाहेरचं पांढरं ऊन काचेतून टेबलावर आलं होतं.

"ह्यात कूट न्हाई," ते म्हणाले आणि चमचा खाली ठेवला.

खरंच की. काजू कुठून आणणार, म्हणून आई शेंगदाण्याचं कूट घालायची, आणि वरून घरचा कांदा-लसूण मसाला. आप्पांचा पंजाब एवढाच होता, विट्याच्या चुलीवरचा. तो मी शोधायला निघाले होते, आणि तो तिच्याबरोबर गेला होता. मला तिथेच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मी दूध नासवलं. कूट किती घालायचं हे आईने मला कधी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. अंदाजाने घातलं. ताट वाढून मी आप्पांच्या समोर बसले. त्यांनी मान खाली घातली, वाटी संपवली आणि चांगलं झालंय म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.